वृद्धाश्रमात प्रत्येकासाठी वेगळा उपक्रम कसा आखायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी मी रंगवायच्या चित्रांच्या ३० प्रती काढून नेल्या होत्या. फुलं, पक्षी, एक मोठं फुलपाखरू. हॉलमध्ये सगळ्यांना वाटल्या, टेबलांवर रंगीत पेन्सिली ठेवल्या आणि उत्साहाने म्हणाले, "चला, आज आपण रंगवू या!" काही जणींनी माझं मन राखायला दोन-चार पाकळ्या रंगवल्या. खिडकीजवळच्या एका आजोबांनी कागद उलटा केला, चष्म्याच्या डबीची कड पट्टीसारखी धरली आणि कोऱ्या बाजूवर एकाखाली एक समांतर रेघा मारायला लागले. मला वाटलं, गोंधळले बिचारे. मी कागद पुन्हा सुलटा करून दिला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, ती त्या दिवशी परत उचलली नाही.

ते ३५ वर्षं ड्राफ्ट्समन होते, म्हणजे मापं घेऊन नकाशे काढणारे, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तेही त्यांचा मुलगा भेटायला आला आणि बोलता बोलता सहज म्हणाला म्हणून.

सतत देखभाल लागणाऱ्या वृद्धांच्या निवासी केंद्रात तुम्ही उपक्रम घ्यायला निघाला असाल, स्वयंसेवक म्हणून, नोकरी म्हणून किंवा आपल्याच घरच्या माणसासाठी, तर हे लिहिलेलं तुमच्यासाठी आहे. यातलं बरंचसं मी आधी चुकीचं करून मग शिकले आहे.

## आधी काय जमवायचं

कागदपत्रांपैकी एवढं लागतं:

- केंद्राच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी, आणि कोणत्या वेळी कुठे वावरायचं याची स्पष्ट कल्पना
- रहिवाशाची स्वतःची संमती. त्यांना ती देणं शक्य नसेल तर जबाबदार नातेवाइकाची
- फोटो आणि व्हिडिओसाठी वेगळी संमती. उपक्रमाला हो म्हणजे फोटोला हो नव्हे
- नर्सकडून एक छोटी यादी: कोणाला पडण्याचा धोका, कोणाला गिळायला त्रास, कोणाला कसली ॲलर्जी, कोणाला फिट येते, कोण वस्तू तोंडात घालतं

पूर्ण वैद्यकीय फाइल मागू नका. ती तुमच्या कामाची नाही आणि ती बघण्याचा तुम्हाला अधिकारही नाही.

सामानात प्रत्येकाच्या नावाचा एक झाकणाचा खोका, जाड मार्कर, दोन-तीन वह्या, हेडफोन लावता येईल असं गाणी वाजवायचं साधन, गडद एकरंगी टेबलमॅट आणि वस्तू पुसायला जंतुनाशक. बाकी काहीही आत्ता विकत घेऊ नका. माझ्या कपाटात अजून एक महागडा कोड्यांचा संच आहे, तो एकदाही उघडला गेलेला नाही.

## १. पहिला आठवडा रिकाम्या हाताने जा

हे सगळ्यात अवघड आहे, कारण काहीतरी करून दाखवायची घाई असते. पण पहिले चार-पाच दिवस नुसतं बसा. वेगवेगळ्या वेळी बसा: सकाळी अंघोळी उरकल्यावर, दुपारी, दिवे लागताना.

चेहऱ्यांपेक्षा हातांकडे बघा. कोण टेबलक्लॉथची कड सारखी सरळ करतंय? कोण दुसऱ्याच्या खांद्यावरची शाल नीट करतंय? कोण बोटांनी मांडीवर ताल धरतंय? कोण दाराशी जाऊन हँडल फिरवून बघतंय? केंद्रातल्या मावशी याला 'चाळे' म्हणतील. दिवसभर तेच बघून त्या थकलेल्या असतात, त्यांचा दोष नाही. पण माणसाचं उरलेलं कौशल्य बऱ्याचदा याच चाळ्यांत दिसतं.

यामागे कारण आहे. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, काल काय झालं ही आठवण लवकर जाते, पण हातांना वर्षानुवर्षं लागलेलं वळण पुष्कळ उशिरापर्यंत टिकतं. सुई ओवणं, स्क्रू पिळणं, घडी घालणं ही 'कसं करायचं' ची स्मृती वेगळी असते. नातवाचं नाव न आठवणारी बाई शर्टाची कॉलर अचूक दुमडते ती त्यामुळेच.

मावशींशी आणि ब्रदरांशी मैत्री करा. रात्रपाळीच्या माणसांना तर जरूर भेटा. झोप न येणारा माणूस रात्री दोन वाजता कशाबद्दल बोलतो हे फक्त त्यांनाच माहीत असतं.

## २. 'आवड: वाचन' वर थांबू नका

प्रवेशाच्या फॉर्मवर 'छंद' असा एक रकाना असतो आणि त्यात तीनच शब्द आलटून पालटून दिसतात: वाचन, संगीत, टीव्ही. या माहितीवर काहीही आखता येत नाही. वाचन म्हणजे काय? कादंबरी, की रोजचं वर्तमानपत्र? वर्तमानपत्र असेल तर पहिलं पान, शब्दकोडं, की निधनवार्ता? एकट्याने, की मोठ्याने वाचून दुसऱ्याला ऐकवत? सकाळी चहाबरोबर, की झोपताना?

नातेवाइकांना विचारायचे माझे प्रश्न आता ठरलेले आहेत:

- सुट्टीच्या दिवशी, कोणी काही सांगितलेलं नसताना, ते काय करत बसायचे?
- घरात कोणती गोष्ट फक्त त्यांनाच जमायची? बिघडलं की कशासाठी त्यांना हाक मारली जायची?
- कशावरून चिडायचे?
- कोणता विषय काढायचा नाही?
- लोक त्यांना कशी हाक मारायचे? आता काय म्हटलेलं आवडेल?

तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. "कपाटातली वस्तू जागच्या जागी नसली की बाबा घर डोक्यावर घ्यायचे," असं एक मुलगी म्हणाली, आणि त्या आजोबांना काय द्यायचं ते तिथेच ठरलं. खिळे, वॉशर, नट-बोल्ट यांची सरमिसळ असलेला एक डबा आणि कप्प्यांची पेटी.

चौथा प्रश्न विसरू नका. एका आजींच्या कागदावर 'जुनी गाणी खूप आवडतात' असं लिहिलेलं होतं. मी एक लावलं आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. ते गाणं त्यांच्या गेलेल्या मुलाचं होतं, तो ते गुणगुणत असे. घरच्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं, मी विचारलं नव्हतं एवढंच.

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं. सगळ्यांना सरसकट 'आजी', 'आजोबा' म्हणायची मलाही सवय होती. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी मला थांबवून सांगितलं, "मी तुझी आजी नाही. मला बाई म्हण." त्या दिवसापासून त्या 'बाई'. आणि बाई म्हटल्यावर त्या खुर्चीत जराशा ताठ बसतात.

माणसाला स्वतःला विचारणं मात्र नातेवाइकांच्या आधी. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये प्रत्येक रहिवाशाचं जे ठरावीक मूल्यांकन करतात, त्यात आवडीनिवडींचे प्रश्न थेट रहिवाशालाच विचारायचे असतात: आवडीचं संगीत ऐकणं, बातम्या कळणं, प्राण्यांच्या सहवासात असणं, हवा चांगली असताना बाहेर जाणं हे तुम्हाला किती महत्त्वाचं आहे? उत्तरांत 'फार महत्त्वाचं' पासून 'अजिबात नाही' पर्यंत पायऱ्या आहेतच, पण आणखी एक पर्याय आहे: 'महत्त्वाचं आहे, पण करता येत नाही किंवा तशी मुभा नाही'. तुमच्या वहीत हा रकाना नक्की ठेवा. माझं निम्मं काम याच रकान्यातून निघतं.

## ३. आज काय जमतंय ते बघा

आवड कळली म्हणजे उपक्रम ठरला असं होत नाही. आयुष्यभर भरतकाम केलेल्या बाईंच्या हाताला आता कंप असेल, तर रिंग आणि सुई समोर ठेवणं म्हणजे काय गेलं याची आठवण करून देणं.

मी ढोबळमानाने चार पायऱ्या धरते. ही विभागणी माझी नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) अशीच वापरतात.

काही जण काम ठरवून शेवटापर्यंत नेऊ शकतात, अडलं तर विचारतात. त्यांना पूर्ण काम द्या आणि बाजूला व्हा. काही जणांना ओळखीची कृती करायला आवडते, पण शेवट काय होणार याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांना एका वेळी एकच पायरी सांगा. काही जणांसाठी वस्तूचा स्पर्श, वास, आवाज हाच उपक्रम असतो, लोकरीचा गुंडा हातात धरणं एवढंच. आणि काही जण इतके आत गेलेले असतात की तुमच्या आवाजाला डोळे वळणं हाच प्रतिसाद.

एकच माणूस सकाळी दुसऱ्या पायरीवर आणि संध्याकाळी तिसऱ्या पायरीवर असू शकतो. म्हणून पायरीचं लेबल माणसाला चिकटवू नका.

मग डोळे, कान आणि बाकी शरीर. कित्येकदा 'यांना रस नाही' असं जे लिहिलं जातं, त्याचं खरं कारण चष्मा खोलीत राहिलाय किंवा श्रवणयंत्राची बॅटरी संपलीय एवढंच असतं. उपक्रमाआधी रोज हे तपासा:

- चष्मा स्वच्छ आणि स्वतःचाच आहे का (अदलाबदल सर्रास होते)
- श्रवणयंत्र चालू आहे का, टीव्ही बंद आहे का
- तुमचा चेहरा उजेडात आहे का. खिडकीकडे पाठ करून बसलात तर त्यांना फक्त काळी आकृती दिसते
- लघवीला जाऊन आलेत का, कुठे दुखतंय का

वयाने येणाऱ्या बहिरेपणात उंच स्वर आधी जातात, म्हणून ओरडून उपयोग होत नाही, आवाज आणखी फाटतो. जरा खालच्या पट्टीत, सावकाश, समोर बसून बोला. छापील मजकूर किमान १८ पॉइंटचा, पांढऱ्यावर काळा. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद दिसतच नाही, गडद टेबलमॅट त्यासाठी.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या काही जणांना डावीकडचं जग जणू उरतच नाही. ताटातलं अर्धंच जेवतात, पानाचा उजवा भागच वाचतात. अशा माणसासमोर सामान उजवीकडे ठेवून सुरुवात करा. पार्किन्सन्स असलेल्यांचा उपक्रम गोळीच्या वेळेशी जुळवा. गोळीचा असर असतो तेव्हा हात चालतात, ओसरला की तोच माणूस जखडून जातो. नर्सला विचारलंत तर ती नेमकी वेळ सांगेल.

## ४. आवडीतला गाभा काढा आणि कृती लहान करा

सगळा खटाटोप या पायरीसाठी. इथे घाई करू नका.

स्वतःला विचारा: या माणसाला त्या कामात नेमकं काय मिळत होतं? बागकाम आवडणाऱ्या तीन जणांची उत्तरं तीन असतात. एकाला मातीत हात घालायचे असतात. दुसऱ्याला रोज जाऊन 'आज किती वाढलं' ते बघायचं असतं. तिसरीला आपल्या कुंड्या शेजारणीला दाखवायच्या असतात. पहिल्याला परातीत ओली माती आणि रोपं द्या. दुसऱ्याला खिडकीतली एक कुंडी आणि तारखांची वही. तिसरीला पाहुणा आणून द्या.

त्या ड्राफ्ट्समन आजोबांचं पुढे काय झालं ते सांगते. मी आधी कोरे कागद आणि पट्टी दिली. त्यांनी दहा मिनिटं रेघा मारल्या आणि थांबले. पुढे काय काढायचं हे त्यांना सुचत नव्हतं, कारण कामावर कोणीतरी माप आणून द्यायचं आणि मग ते काढायचे. म्हणून मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेले आणि म्हटलं, "साहेब, या खोलीचा नकाशा हवा होता. मापं मी सांगते." मी टेप धरला, आकडे मोठ्याने सांगितले. त्यांनी कागदाच्या एका कोपऱ्यात आधी उत्तर दिशेचा बाण काढला. मग भिंती. दाराच्या जागी उघडण्याचा कमानीसारखा पाव वर्तुळाचा भाग काढताना त्यांचा हात एकदाही थरथरला नाही. दोन भिंतींच्या लांबीत गफलत होती, पण तो नकाशा खोलीच्या दारावर लावला आणि तिथे तो बरेच महिने होता. नंतर आम्ही हॉल केला, व्हरांडा केला. नंतर नंतर ते मापं विसरायला लागले तेव्हा मी फिकट ठिपके आधीच काढून नेत असे आणि ते जोडत असत.

शेवटचं वाक्य लक्षात घ्या. क्षमता कमी झाली म्हणून उपक्रम बदलला नाही, त्याची पायरी उतरवली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांनी १९९० च्या दशकात मॉन्टेसरी पद्धत डिमेन्शिया असलेल्या लोकांसाठी वापरायला सुरुवात केली, त्यातली काही तत्त्वं इथे फार कामी येतात: खऱ्या वस्तू वापरा, काम छोट्या तुकड्यांत फोडा, तोंडाने सांगण्याऐवजी करून दाखवा, आणि चूक होण्याची शक्यताच कमी राहील अशी मांडणी करा. पद्धत मुलांसाठीच्या शिक्षणातून आलेली असली तरी सामान मुलांचं आणू नका. प्लास्टिकचा हातोडा सुताराच्या हातात देऊ नका. छोटा पण खरा हातोडा, मऊ लाकूड आणि शेजारी तुम्ही. बाहुल्यांचा आणि खेळण्यांचा प्रश्न वेगळा आहे. कोणाला बाहुली जवळ घेऊन शांत वाटत असेल तर ती काढून घेऊ नका, पण आपणहून पुढे करताना घरच्यांशी आधी बोला.

आणखी काही जोड्या, कल्पना यावी म्हणून:

- मुद्रितशोधक: मुद्दाम चुका घातलेली सूचनापाटीची प्रत आणि लाल पेन
- बँकेतला कॅशियर: वेगवेगळी जुनी नाणी, रास लावायला आणि वहीत नोंदायला
- शिंपीकाम केलेल्या बाई: कापडाचे तुकडे, पोत ओळखून लावायला. कात्री हवी असेल तर बोथट टोकाची आणि तुमच्या नजरेसमोर
- परिचारिका: बँडेजच्या पट्ट्या गुंडाळायला (त्या खरोखर वापरल्या जातील असं बघा)

कंसातलं ते महत्त्वाचं. कामाचा उपयोग होणार आहे हे माणसाला कळतं. घातलेल्या घड्या त्यांच्यादेखत विस्कटून 'पुन्हा घाला' असं म्हटलेलं मी पाहिलं आहे. तसं करू नका.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात डिमेन्शिया असलेल्या माणसाच्या मानसिक गरजा मांडल्या. मध्यभागी प्रेम आणि भोवती पाच: दिलासा, जिव्हाळ्याचं नातं, आपल्यात सामावून घेतलं जाणं, हाताला काम आणि स्वतःची ओळख. उपक्रम ठरला की मी ही यादी त्याच्याशेजारी धरून बघते. नुसतं 'हाताला काम' भरत असेल आणि बाकी चार कोरे असतील, तर तो वेळ घालवणं आहे.

## ५. वेळ त्यांची, तुमची नाही

एकट्याचा उपक्रम १५ ते २० मिनिटांचा पुरे. कोणी तासभर रमलं तर रमू द्या, पण तासभराची योजना करून जाऊ नका. बहुतेकांना सकाळ बरी जाते. डिमेन्शिया असलेल्या अनेकांची अस्वस्थता दुपार कलल्यावर वाढते: घरी जायचंय, मुलं शाळेतून आली असतील, दार उघडा. त्या वेळी नवीन काही सुरू करू नका. ओळखीचं, संथ, हाताला गुंतवणारं काहीतरी, आणि खोलीत उजेड भरपूर.

उशिरापर्यंत जागणारा माणूस सत्तरीत गेला म्हणून पहाटे उठायला लागेलच असं नाही. आयुष्यभर रात्रपाळी केलेल्या एका काकांशी माझं सकाळी कधीच जमलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर गेले, तर गप्पा संपेनात.

## ६. बोलवायचं कसं

"उपक्रमाला येता का?" असं विचारलंत तर उत्तर 'नको' हेच येणार. उपक्रम हा शब्द आपल्या वहीतला आहे. "जरा मदत हवी होती" हे वाक्य जवळपास सगळीकडे चालतं. मात्र मदत खरी असली पाहिजे.

"काय करायला आवडेल?" हा खुला प्रश्न गोंधळात टाकतो. दोन वस्तू हातात धरा आणि विचारा, "हे की हे?" बोलता येत नसेल तर नजर कुठे जाते ते बघा.

परीक्षा घेऊ नका. "मी कोण, ओळखलंत का?" "हा फोटोतला कोण?" असं पाहुणे विचारतात आणि समोरच्याचा चेहरा पडतो. फोटो दाखवून तुम्हीच सुरुवात करा: "हा रुबाबदार दिसतोय, काय बूट घातलेत बघा." आठवलं तर ते सांगतील, नाही आठवलं तर बुटांवर बोलता येईल. आठवणींच्या गप्पांसाठी साधारण दहा ते तीस या वयातले विषय काढा. उतारवयात त्या काळातल्या आठवणी इतर वर्षांपेक्षा जास्त दाटीने टिकलेल्या असतात. त्यामुळे गाणी निवडतानाही त्यांच्या जन्मसालात १५-२० मिळवा आणि त्या वर्षांतली शोधा. 'वृद्धांची गाणी' म्हणून आपण जे लावतो ते पुष्कळदा त्यांच्या आईवडिलांच्या काळातलं असतं.

नकार म्हणजे नकार. एका आजींनी मला सलग अकरा वेळा 'नको' म्हटलं. बाराव्या वेळी मी काहीच घेऊन गेले नाही, शेजारी बसून माझ्या ओढणीचा निघालेला धागा ओढत राहिले. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाल्या, "ओढू नकोस, उसवेल." मग सुई-दोरा मागितला. (दोरा मी ओवून दिला, ते त्यांना जमत नव्हतं. टाके त्यांनी घातले.)

## ७. अंथरुणावरच असलेल्यांना वगळू नका

उपक्रमांच्या यादीत ही नावं सगळ्यांत आधी गळतात, कारण ती हॉलमध्ये येत नाहीत. त्यांच्याकडे जायला रोज दहा मिनिटं वेगळी काढा.

आधी नाव घेऊन, नजरेच्या टप्प्यात येऊन सांगा की तुम्ही कोण आणि काय करणार आहात. मग एका वेळी एकच गोष्ट: गाणं असेल तर फक्त गाणं, हाताला तेल लावणं असेल तर फक्त तेच. हात-पाय चोळण्यापूर्वी नर्सला विचारा. जखम, सूज, नाजूक झालेली कातडी किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर चोळायचं नाही.

त्यांच्या कामाच्या वस्तू इथेही चालतात. एका सुतारकाकांच्या हातात मी पॉलिश न केलेला लाकडाचा गुळगुळीत तुकडा ठेवत असे. ते बोलत नसत. अंगठा मात्र तंतूंच्या दिशेने फिरायचा, उलटा कधी नाही.

थांबायची खूण ओळखा: भुवया आक्रसणं, श्वास जलद होणं, तोंड फिरवणं, मुठी आवळणं. डोळे मिटणं ही खूण बरं वाटण्याचीही असू शकते आणि नको असण्याचीही, तेव्हा चेहरा सैल आहे का ते बघा.

## ८. सुरक्षिततेची उजळणी, झटपट

वस्तू तोंडात घालणाऱ्यांसाठी बटणं, मणी, बॅटरीचे सेल नकोत. गिळायला त्रास असेल तर खाण्यापिण्याचा कुठलाही उपक्रम नर्सच्या परवानगीशिवाय नको, घोटभर पाणीसुद्धा नाही. चाकाच्या खुर्चीला ब्रेक. बसलेलं उठवताना आधी क्षणभर बसूनच पाय हलवू द्या, एकदम उठलं की रक्तदाब उतरून तोल जातो. कोणालाही एकट्याने उचलायचा प्रयत्न करू नका. बराच वेळ बसून राहिलेल्यांची बैठक बदलायला मावशींना सांगा. प्रत्येकाच्या हाताळणीनंतर वस्तू पुसा, न धुता येणारी वस्तू एकाचीच ठेवा. सर्दी-खोकला असेल तर तुम्ही घरी थांबा.

## ९. गट करायचाच असेल तर

केंद्राला हॉलमधला कार्यक्रम हवाच असतो, फोटोही त्याचेच निघतात. वाद घालू नका, पण गट चार ते सहा जणांचा ठेवा आणि प्रत्येकाला वेगळं काम द्या. एकच जुना अंक मध्ये ठेवायचा: बाई मोठ्याने वाचतात, मुद्रितशोधक काका चुका काढतात, कॅशियर काका त्यातल्या जाहिरातींतल्या किमतींची बेरीज करतात, आणि एक आजी नुसतं पान उलटतात. पान उलटणं हेही काम आहे. त्या आजी आल्या नाहीत तर बाई विचारतात, "पान कोण उलटणार?"

स्पर्धा आणि बक्षिसं मी बंद केली. तेच दोघे जिंकायचे.

## १०. नोंद ठेवा, पण 'सहभागी झाले' असं लिहू नका

'उपक्रमात आनंदाने सहभाग घेतला' हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं असेल, त्याचा कोणाला काडीचा उपयोग झाला नाही. त्याऐवजी चार गोष्टी लिहा: काय दिलं, किती वेळ टिकलं, चेहऱ्यात-हातात-बोलण्यात काय दिसलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. नमुना असा:

'नट-बोल्टचा डबा. १२ मिनिटं. मोठे बोल्ट पटापट लावले, छोटे वॉशर दिसत नव्हते म्हणून चिडले. दोनदा स्वतःशीच हसले. पुढच्या वेळी छोटे वॉशर काढून टाकायचे, डब्याखाली काळा मॅट.'

महिन्याने पाच-सहा नोंदी एकत्र वाचल्या की चित्र दिसतं. एखाद्याचं अचानक सगळ्यातूनच लक्ष उडालं असेल तर उपक्रम बदलत बसू नका, नर्सला सांगा. दुखणं, संसर्ग, औषधातला बदल किंवा नैराश्य असू शकतं, आणि दोन-तीन दिवसांत झालेला बदल तर त्याच दिवशी सांगायचा.

एका पानावर त्या माणसाचं सार लिहून खोलीत, पण बाहेरच्यांना दिसणार नाही असं ठेवा: काय म्हणून हाक मारायची, काय दिलं की हात लागतो, काय टाळायचं, कोणती वेळ बरी. तुम्ही नसताना पाच मिनिटं मोकळ्या असलेल्या मावशीला ते वाचून खोका उघडता आला पाहिजे. तुमच्यावाचून अडत असेल तर तो उपक्रम अजून नीट बसलेला नाही.

## ११. खोका परत देताना

याची तयारी नव्या माणसाला कोणी करून देत नाही. इथे माणसं जातात. सुट्टीनंतर तुम्ही परत याल आणि एक पलंग रिकामा असेल, कदाचित त्यावर दुसरं कोणी असेल.

खोका लगेच रिकामा करून सामान दुसऱ्याला देऊ नका. नातेवाइकांना फोन करून विचारा. काहींना नको असतो, काही तो उघडून तिथेच बसतात. आत वहीतली नोंदींची पानं ठेवायची का, हे व्यवस्थापनाला विचारून ठरवा, त्यात इतर कोणाचं नाव आलेलं नाही ना ते आधी तपासा. गटात जो येत असे त्याच्याबद्दल बाकीच्यांना खरं सांगा, त्यांना कळलेलंच असतं.

ड्राफ्ट्समन आजोबांच्या मुलाने खोका नेला नाही, फक्त दारावरचा नकाशा मागितला. काढताना त्याने टेप मागवला आणि दोन्ही भिंती मोजून बघितल्या.